वाऱ्याला तोंड करून

कपाशीच्या शेतात काठीला बांधलेल्या कामगंध सापळ्याची पिशवी सकाळी सोडली की तळाशी करडे-तपकिरी पतंग पडलेले दिसतात. गव्हाच्या दाण्यापेक्षा जरा लांब, मागच्या पंखांना बारीक झालर. काही मेलेले, काही अजून पाय हलवणारे. ते तळहातावर ओतायचे आणि मोजायचे. आठ असोत की अठ्ठावीस, त्यांत मादी म्हणून नसते.

शेजारी दिव्याचा सापळा लावला तर त्यात नर-माद्या दोन्ही येतात. शिवाय भुंगेरे, तुडतुडे, जे काही रात्री उडतं ते सगळं. या पिशवीत मात्र गुलाबी बोंडअळीचे, म्हणजे कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या किडीचे, नर तेवढे. वरच्या टोपीखाली शेंगदाण्याएवढं रबरी बूच अडकवलेलं असतं, त्याला शेतकरी ल्यूर म्हणतात, आणि त्यातून या नरांना त्यांच्या जातीच्या मादीचा वास येत असतो. कवितेतला पतंग दिव्यावर झेपावतो आणि ते प्रेम म्हणून खपून गेलं आहे. खऱ्या पतंगाचं प्रेम अंधारात जुळतं आणि नाकाने जुळतं. नाक म्हणजे त्याच्या मिशा.

सुरुवात मादीकडून होते. ती एका पानावर किंवा बोंडावर बसते, पोटाचं टोक जरासं वर करते आणि शेवटच्या खंडांमधली एरवी आत दुमडलेली पातळ कातडी बाहेर काढते. ग्रंथी तिथे असते. अभ्यासक या बसण्याला ‘साद घालणं’ म्हणतात, आवाज मात्र काडीचा नसतो. वासाचा मालमसाला तिच्याच शरीरातल्या स्निग्ध आम्लांतून बनतो. सोळा कार्बनची साखळी घ्यायची, ठरावीक जागी दुहेरी बंध घालायचा, काही जातींत ती आखूड करायची, टोकाला अल्कोहोल, आल्डिहाइड किंवा ॲसिटेट बसवायचं. डोक्यातून सुटणारं एक संप्रेरक ग्रंथीला रोज ठरल्या वेळी कामाला लावतं. ही वेळ जातीजातीची वेगळी. काही माद्या दिवेलागणीला बसतात, गुलाबी बोंडअळीची मादी उत्तररात्री. समागम झाला की दुकान बंद, काही जातींत त्या रात्रीपुरतं, काहींत कायमचं.

माल किती असतो? बहुतेक जातींत एका मादीच्या ग्रंथीत एका वेळी काही नॅनोग्रॅम, फार तर काही शे. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आपल्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून तर हा वासच आहे हे मान्य व्हायला इतकी वर्षं गेली.

फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात जाँ-आंरी फाब्र यांनी मोठ्या मोरपतंगाची नुकती कोशातून निघालेली मादी जाळीखाली ठेवली आणि रात्री घरात नरांची रीघ लागली. त्यांनी मादीभोवती डांबरगोळ्यांचा उग्र वास करून पाहिला, नर तरीही आले. डांबरगोळीने वास दबत नाही, म्हणजे हा वास नसावा अशी शंका त्यांना आली, आणि त्यांच्या जागी कोणालाही आली असती. पण नराच्या मिशांवरच्या त्या विशिष्ट केसांना डांबरगोळी कळतच नाही. मराठी बातम्यांच्या वाहिनीवर तमिळ वाहिनीचा गोंगाट ऐकू येत नाही, तसं.

पहिलं नेमकं रसायन सापडायला १९५९ साल उजाडलं. जर्मनीत अडोल्फ बुटेनांट यांनी तुतीच्या रेशीमपतंगाच्या तब्बल पाच लाख माद्यांच्या पोटांची टोकं कापून, दोन दशकांच्या खटपटीनंतर काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ काढला. रेशीमपतंगाच्या शास्त्रीय नावावरून त्याला बॉम्बिकॉल म्हणतात. एकाच जातीच्या जिवांना खूण देणाऱ्या अशा रसायनाला फेरोमोन म्हणतात, तो शब्दही त्याच वर्षीचा. रेशीमपतंग निवडण्यात शहाणपण होतं. हा किडा हजारो वर्षं पाळीव आहे, लागेल तेवढा मिळतो, त्याच्या नराला उडता येत नाही आणि वास आल्याचं तो लपवू शकत नाही. वास लागला की लगेच पंख फडफडवत चालू लागतो. बाटलीतला कुठला अंश कामाचा हे नरच सांगत होता.

आता त्या मिशीकडे जरा जवळून पाहू. मादीची मिशी त्या मानाने साधी, नराची भरगच्च फणीसारखी. रेशीमपतंगाच्या नराच्या एका मिशीवर बॉम्बिकॉल ओळखणारे सुमारे सतरा हजार केस असतात. प्रत्येक केस पोकळ असतो, आणि त्याच्या भिंतीला मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढी छिद्रं असतात. वासाचा रेणू केसावर आपटतो, मेणचट पृष्ठभागावरून सरकत छिद्रातून आत जातो. आत पाणचट द्रव असतो आणि रेणू तेलकट, म्हणजे इथे गाडी अडायला हवी. पण त्या द्रवात वाहक प्रथिनं ठासून भरलेली असतात. त्यांतलं एक रेणूला पोटात घेऊन चेतापेशीच्या पडद्यापर्यंत नेतं आणि तिथल्या ग्राहकाच्या, म्हणजे तो रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाच्या, हवाली करतं. ग्राहक उघडला की विजेची ठिणगी मेंदूकडे निघते. एका ठिणगीला एक रेणूही पुरतो, हे मोजून दाखवलेलं आहे. अशा एका ठिणगीवर पतंग हलत नाही. मिशीभर मिळून एका सेकंदात साधारण दोनशे ठिणग्या जास्तीच्या उडाल्या, तरच मेंदू दखल घेतो. एरवी उडणाऱ्या फुटकळ ठिणग्यांत त्या हरवून जातात.

यात सगळ्यात हुशारीचं काम सफाईचं आहे, आणि त्याचं कौतुक फारसं होत नाही. वास ओळखून झाला की तो तिथून गेला पाहिजे, नाहीतर पुढचा कळणार नाही. केसातली विकरं रेणूचा निकाल लावत राहतात, त्यामुळे मिशी सेकंदाला अनेक वेळा ‘आला, गेला, आला, गेला’ असं सांगू शकते. हे का लागतं, ते पुढे येईल.

नर निवड करतो असं वाटतं खरं, पण हा निकाल मिशीतच लागलेला असतो. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी रेशीमपतंगाच्या नराच्या बॉम्बिकॉल ओळखणाऱ्या पेशींत कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा ग्राहक बसवला. तो नर कोबीच्या पतंगाच्या मादीकडे पंख फडफडवत चालू लागला. मेंदू तोच, पाय तेच, फक्त कुलूप बदललं.

आता मूळ प्रश्न. नर मादीपर्यंत पोचतो कसा? बहुतेकांच्या मनातलं चित्र असं असतं की मादीजवळ वास दाट, लांब पातळ, आणि नर पातळाकडून दाटाकडे जातो. प्रयोगशाळेच्या बंद पेटीत तसं घडेलही. शेतात घडत नाही, कारण वास वाऱ्यावर पसरतो तो उदबत्तीच्या धुरासारखा. बंद खोलीत उदबत्ती लावून पाहा. काडीपासून वीतभर सरळ रेघ, मग तिला पीळ पडतात, ती फाटते, तुटक धागे होतात, मध्ये मोकळी हवा. पतंगाच्या वाट्याला हेच येतं. दहा हात लांब असतानाही एखादा धागा चांगला दाट लागू शकतो आणि मादीच्या अगदी जवळ मोकळ्या हवेची फट. दाट-पातळ पाहून दिशा ठरवली तर तो जागच्या जागी घोळत राहील.

म्हणून तो वासाला दिशा विचारतच नाही. दिशा वारा सांगतो. वास लागला की वाऱ्याला तोंड करून पुढे जायचं. वास तुटला की पुढे जाणं थांबवून वाऱ्याला आडवं, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, रुंदावत जाणारे हेलकावे घ्यायचे. धागा पुन्हा लागला की परत वाऱ्यावर चढायचं. नियम एवढाच. मिशीला ‘आला, गेला’ झटपट कळायला हवं ते यासाठी. सलग, एकसारखा वास भरलेल्या हवेत पतंग नीट पुढे जात नाही, त्याला तुटक वासच लागतो, हे वारा-बोगद्यातल्या प्रयोगांत दिसलेलं आहे.

यातही एक मेख आहे. हवेत तरंगणाऱ्याला वारा कुठून येतो ते अंगाला कळत नाही, तो वाऱ्यासोबतच वाहत असतो. प्रवाहात पडलेल्याला काठ दिसला नाही तर प्रवाहाची दिशा कळत नाही, तसं. पतंग खाली जमिनीकडे पाहतो. पानं, ढेकळं डोळ्यांखालून सरळ मागे सरकत असतील तर नाक वाऱ्यात आहे. तिरपी सरकत असतील तर वारा बाजूला ढकलतो आहे. चांदण्यांच्या उजेडातही त्याला एवढं दिसतं. रेशीमपतंगाचा नर पायी असल्याने ही कसरत त्याला करावी लागत नाही. तो पंख फडफडवतो ते उडण्यासाठी नसून समोरची हवा मिशांवर ओढून घेण्यासाठी. माणूस हुंगतो, तसंच.

‘कित्येक किलोमीटरवरून मादीचा वास येतो’ हे वाक्य सर्रास छापलेलं दिसतं. लांब सोडलेले नर परत मादीपाशी आले हे खरं, पण ते सगळं अंतर वासावर कापलं असं त्यातून निघत नाही. नर बराच काळ नुसता भटकत असतो, आणि धागा लागतो तो शेवटच्या टप्प्यात.

हे एकदा नीट बसलं की सापळा कसा लावायचा याच्या सगळ्या सूचना आपोआप सुटतात. कपाशीत सर्वेक्षणासाठी एकरी दोन सापळे, पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी, पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागायच्या सुमारास. ल्यूर पिकाच्या शेंड्याच्या वर वीतभर ते फूटभर. खाली लावला तर वास पानांत अडकतो आणि धागा बनतच नाही. फार वर लावला तर धागा नर फिरतात त्या थराच्या वरून निघून जातो. नेहमी घडणारी चूक अशी की ऑगस्टमध्ये दोन फुटांच्या काठीवर बरोबर उंचीला बांधलेला सापळा ऑक्टोबरमध्ये पऱ्हाटीत, म्हणजे वाढलेल्या कपाशीच्या झाडांत, बुडालेला असतो आणि शेतकरी म्हणतो, यंदा पतंग नाहीत. काठी सुरुवातीलाच लांब घ्यावी आणि सापळा दर पंधरवड्याला वर सरकवावा. धुऱ्यावरच्या बाभळीच्या आडोशाला, विहिरीच्या भिंतीमागे लावू नये. तिथे वाऱ्याचे भोवरे होतात आणि धाग्याची लक्तरं.

ल्यूरचं पाकीट फोडायच्या आधी हात साबणाने धुवावेत. हाताला तंबाखू, कीटकनाशक किंवा, सगळ्यात वाईट, दुसऱ्या किडीचा ल्यूर लागलेला नसावा. हरभऱ्यात घाटेअळीचे ल्यूर लावून त्याच हाताने कपाशीचे लावले तर दोन भाषांची खिचडी होते. शिल्लक पाकिटं बंदच ठेवून फ्रीजमध्ये. मोटारसायकलच्या डिकीत उन्हात आठवडाभर तापलेला ल्यूर निम्मा उडून गेलेला असतो. तीन आठवड्यांच्या आसपास, पाकिटावर लिहिलं असेल त्या मुदतीने, तो बदलायचा. जुना ल्यूर आणि फोडलेलं पाकीट शेतात टाकायचं नाही. तेही वास सोडत राहतं आणि नर ढेकळांभोवती हेलकावे घेत बसतात. पिशवीचं तोंड रबराने घट्ट असावं. भोक पडलं की मुंग्या शिरतात, आणि सकाळी मोजायला पंखच उरतात. पावसाचं पाणी साचलं तर लगदा होतो. चिकट पट्टीच्या सापळ्यावर धूळ आणि पंखांचे खवले बसले की पतंग येतो, टेकतो आणि उठून जातो.

ल्यूरमधलं रसायन नेमकं असणं किती गरजेचं, याची चांगली साक्ष याच किडीने दिली आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत गुलाबी बोंडअळीच्या मादीचा वास सापडल्याचं जाहीर झालं, त्याला प्रोपिल्यूर नाव पडलं, आणि शेतात नर त्याच्याकडे फिरकले नाहीत. पुढे हेक्सल्यूर आलं. त्याला नर येत, पण तो मादीचा खरा वास नव्हता, चालून गेलेला तोतया होता. खरा वास १९७३ मध्ये सापडला: सोळा कार्बनच्या एकाच साखळीची दोन रूपं, दोन्हींत सातव्या आणि अकराव्या जागी दुहेरी बंध, फरक फक्त अकराव्या बंधाच्या वळणाचा. दोन्ही जवळपास निम्मी-निम्मी लागतात. हेच गॉसिप्ल्यूर. घाटेअळीच्या वासात मुख्य घटक सुमारे ९७ टक्के आणि दुसरा तीनेक टक्के, पण तो चिमूटभर दुसराही हवाच.

१९९६ मध्ये आशियाई हत्तिणीच्या मूत्रात, ती माजावर येण्याच्या सुमारास, जे रसायन सापडलं ते अनेक जातींच्या पतंगमाद्याही वापरतात. मग हत्तिणीमागे पतंगांचा थवा का लागत नाही? त्यांच्या वाक्यात आणखी शब्द असतात, आणि त्यांचं प्रमाण ठरलेलं असतं. अमेरिकेतल्या बोलास कोळिणीने मात्र ही भाषा पुरती उचलली आहे. धाग्याच्या टोकाला चिकट थेंब लोंबवून ती पतंगमादीचा वास सोडते, आणि जवळ आलेल्या नराला थेंबाने टिपते. तिच्या शिकारीतही नरच.

इथे एक गैरसमज मोडावा लागतो, आणि तो विकणाऱ्यांनीच पसरवलेला आहे: सापळे लावले की कीड संपली. हिशेब करा. शेतात शंभर नर आणि शंभर माद्या आहेत. सापळ्यांनी ऐंशी नर उचलले. उरलेले वीस नर रोज रात्री नवी मादी गाठू शकतात. एक नर अनेकदा जुगतो. आठवड्याभरात बहुतेक माद्यांचं काम झालेलं असतं, आणि शेजारच्या शेतातून जुगलेल्या माद्या उडत येतात त्या वेगळ्याच. त्यांना ल्यूरशी काही कर्तव्य नाही. एकरी आठ-दहा सापळे लावून नर कमी करता येतात, पण कीड अजून विरळ असताना आणि आसपासच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच. दोन सापळ्यांची किंमत वेगळीच आहे. ते वेळ सांगतात.

वेळेचं महत्त्व असं की या अळीला उघड्यावर गाठायला फार थोडा अवकाश मिळतो. अंड्यातून चार-पाच दिवसांत निघालेली अळी थोड्याच वेळात पातीत किंवा बोंडात शिरते. तिने पाडलेलं बारीक भोक बुजून जातं, आणि मग वरून काहीही फवारा, ती आत सरकी खात असते. पतंग उडू लागले हे ज्या आठवड्यात कळतं तोच आठवडा कामाचा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा अधिक पतंग आले तर नुकसानीची पातळी ओलांडली, असं मानतात. पण फक्त पिशवीवर विसंबू नये. फुलांत डोमकळ्या पाहाव्या: पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारख्या पिळून बांधलेल्या, आत अळी. एकरी वीस हिरवी बोंडं, वेगवेगळ्या झाडांची, तोडून दगडाने फोडावीत. दोन बोंडांत अळी दिसली तर दहा टक्के झाले.

आकडा वाचायलाही डोकं लागतं. थंडी पडली, वारा पार पडला किंवा फार सुटला तर त्या रात्री पिशवी रिकामी असू शकते. हंगामाच्या शेवटी शेतात खऱ्या माद्याच एवढ्या होतात की रबरी बुचाला गिऱ्हाईक कमी मिळतं. सप्टेंबरमधले आठ आणि नोव्हेंबरमधले आठ एकच नव्हेत.

नराला पकडायच्या ऐवजी त्याला गोंधळवायचं, ही दुसरी वाट. सगळ्या शेतावर गॉसिप्ल्यूर भरून ठेवलं की प्रत्येक दिशेकडून धागे येतात, मिशा बधिरतात, आणि खऱ्या मादीचा धागा त्या गर्दीत हरवतो. अमेरिकेत १९७८ मध्ये यासाठी पहिल्यांदा मान्यता मिळालेलं फेरोमोन हेच. आपल्याकडे आता त्यासाठी फेरोमोन भरलेल्या बारीक नळ्या मिळतात, एकरी सुमारे १६०, झाडाच्या वरच्या भागात फांदीला गाठ मारून बांधायच्या. सर्वेक्षणाच्या सापळ्याच्या उलट, यांना लहान शेत मानवत नाही. एक-दोन एकरांच्या तुकड्यात वाऱ्याकडच्या काठावर वास पातळ राहतो, आणि शेजारून जुगलेल्या माद्या येतच राहतात. पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून सलग पट्टा केला तर अर्थ आहे. शेतातला सापळा रिकामा राहू लागला की नळ्या काम करताहेत असं समजायचं, तरीही बोंडं फोडून बघणं सोडायचं नाही. अमेरिकेने बीटी कपाशी (बोंडअळीला मारक प्रथिन स्वतःच बनवणारं वाण), वांझ केलेले पतंग, हा वास आणि पऱ्हाटी वेळेत गाडणं हे सगळं एकत्र लावलं, आणि २०१८ मध्ये ही कीड तिथल्या कापसातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात तिने बीटीला न जुमानता जी बोंडं पोखरली, ती अजून कोणी विसरलेलं नाही.

डिसेंबर संपता संपता पऱ्हाटी उपटायची, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं पीक, ठेवायची नाही, हे सांगून सांगून कृषी सहायकांचा घसा बसला आहे. त्यानंतरही सापळ्याला काम उरतं, फक्त जागा बदलते. वेचलेल्या कापसाबरोबर अळ्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, पोचलेल्या असतात. त्यांतल्या काही दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. मार्च-एप्रिलच्या सकाळी, आसपास कुठे हिरवी पऱ्हाटी दिसत नसताना, सरकीच्या ढिगाशेजारी टांगलेल्या सापळ्याची पिशवी सोडून पाहावी. तळाशी चार-पाच करडे पतंग असतात, आणि तेही सगळे नर.